पाण्याच्या आवाजाखाली

६ ऑक्टोबर १९७४, रविवार. आष्टा

ऑइलच्या एजंटाने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. कारणच तसं घडलं. राहीला धबधबा बघायचा आहे.

लग्न झाल्यापासून या बाईने माझ्याकडे एक म्हैस आणि एक शिवणयंत्र सोडून काही मागितलेलं नाही. जोतिबाचा डोंगर आणि नरसोबाची वाडी यापलीकडे तिची मजल गेली नाही. आणि आज भाकरी थापता थापता म्हणते, "आवं, म्हाबळेश्वराला धबधबं हायती म्हणं. जाऊया का?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"शेजारची शालूबाई जाऊन आलीया. पाण्याचा लय आवाज असतो म्हणं. शेजारचं माणूस बोललं तरी ऐकू येत न्हाई."

मला हसू आलं. जिथं ऐकू येत नाही तिथं पदरचे पैसे घालून जायचं! आणि बायको कुणाची, तर आकारामाची, ज्याचं पोटच कानावर चालतं. चौथीतून शाळा सोडली, इस्लामपुरात दुसऱ्याच्या गॅरेजात रॉकेलनं इंजिनं धुतली, आणि आज रस्त्याकडेला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. पुढे वर्कशॉप, मागे घर. आसपासच्या गावांतली विहिरीवरची ऑइल इंजिनं माझ्याकडे येतात. चालू इंजिन सगळ्यांनाच ऐकू येतं. त्या आवाजाखाली एक बारीक आवाज असतो, तो ऐकायचा. आजार तिथं असतो. ही माझी विद्या, दुसरी नाही.

राहीचा आणखी एक हट्ट. याच आठवड्यात निघायचं आणि पुढचा सोमवार तिथं काढायचाच. मी हिशेब केला, सध्या पितृपंधरवडा. या दिवसांत हौसेनं कुणी बाहेर पडत नाही. लॉज ओस पडलेली असणार. भाव पाडून घ्यायला याहून बरा मोसम नाही. बाईला उशिरा का होईना व्यवहार कळायला लागला.

उमालाही नेणार. उमा आमची सून, नाथाजीची बायको.

नाथाजीचंही लिहून ठेवतो. आमचा एकुलता एक. पलटणीत होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात पूर्वेच्या आघाडीवर होता आणि तार आली, बेपत्ता. तारेत मेला असं लिहिलेलं नाही. मी सांगलीला सैनिक बोर्डाच्या साहेबांकडे जाऊन विचारून आलो, तेही मेला म्हणाले नाहीत. पुढे कैदी सुटून आले, त्यांत तो नव्हता. असेल कुठंतरी. हरवलेलं माणूस आणि गेलेलं माणूस यात फरक आहे, आणि तो फरक या घरात मी सांभाळला आहे. तार आली तेव्हा राहीनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, "गप. तू रडलीस की तो मेला. गावाला दुसरं काय कळणार?" तिचं तोंड तसंच मिटलं. तेव्हापासून या घरात रडणं नाही. उमाचं कुंकू आहे, हातात बांगड्या आहेत. कधी निजानीज झाल्यावर आतल्या खोलीतून काही कानावर आलंच, तर मी एकदा खाकरतो. थांबतं. माझे कान आहेत म्हणून हे घर उभं आहे.

मागच्या आठवड्यात वडूजहून उमाचा भाऊ ज्योतिबा येऊन गेला. चहा बशीत ओतून म्हणाला, "मामा, उमा म्याट्रिक हाय. साताऱ्याला मास्तरणीच्या कोर्साला घालू द्या की तिला. उभा जलम काढायचा हाय पोरीला."

मी म्हटलं, "नाथाजी आला की त्येला इचारा."

तो बशीत बघत राहिला. चहावर साय धरली तरी बघतच होता. आत उमाच्या हातातलं ताट खाली टेकलं. इतकं हळू टेकलं की दुसऱ्या कुणाला ऐकूसुद्धा आलं नसतं.

९ ऑक्टोबर, बुधवार. महाबळेश्वर

एस.टी.नं हाडं खिळखिळी केली. पसरणीच्या घाटात आमची गाडी इतकी धापा टाकत होती की मला ड्रायव्हरला सांगावंसं वाटलं, बाबा, तुझ्या एका नोझलमध्ये कचरा आहे. राहीनं डोळे वटारले म्हणून गप्प बसलो.

उतरलो ते विष्णुपंतांच्या खाणावळीवर. पंत मूळचे वाईचे. खाली खाणावळ, वर राहायच्या खोल्या. मला बघून म्हणाले, "पितृपक्षात पाहुणे? अहो, या दिवसांत माझ्याकडे माकडंसुद्धा फिरकत नाहीत."

"मग माकडाचाच भाव लावा की पंत."

पंत पोट धरून हसले आणि दर उतरवला. माणूस हसला की निम्मं काम होतं.

इथं थंडी आहे. धुकं खिडकीतून आत येऊन बसतं, बोलावल्यासारखं. राहीनं ट्रंक उघडायच्या आधी पंतांना विचारलं, "सगळ्यात मोठा आवाज कुठल्या धबधब्याचा?"

पंत म्हणाले, "आवाज? लोक आम्हाला देखावा विचारतात हो बाई."

१० ऑक्टोबर, गुरुवार

लिंगमळ्याला जाऊन आलो. रस्ता सोडला की रानातून पायवाट आहे. वाट सोपी, पण ओली. दोन्ही बाजूंना सोनकीची पिवळी फुलं अशी दाटली आहेत की हळदीचं पोतं फुटल्यासारखं वाटतं. तेरडाही आहे. आम्हा शेतकरी माणसांना एवढं मोकळं रान बघितलं की पहिला विचार येतो, इथं काय पिकेल. राहीला तसं म्हटलं तर म्हणाली, "काय पिकायला नगं. असंच ऱ्हाऊ दे."

धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. जवळ गेल्यावर तर छातीत ऐकू येतो. खाली कातळापर्यंत उतरायला वाट आहे, पण माझा गुडघा बरा नाही. वर एक चहावाला ताडपत्री बांधून बसतो, त्याच्या बाकड्यावर मी टेकलो. दोघी खाली गेल्या. मला वाटलं बघतील आणि येतील. माझे तीन चहा झाले, चहावाल्याच्या गावचं, भावकीचं, म्हशीचं सगळं ऐकून झालं, तेव्हा वर आल्या. पदर ओले, तोंडं ओली, डोळे लाल.

"पान्याचं लय तुषार उडत्यात," राही म्हणाली.

"डोळ्यांत जात्यात," उमा म्हणाली.

मी म्हटलं, "मग लांब उभं ऱ्हावं. पैसं आजारी पडायला भरल्यात व्हय?"

पण एक नोंदायला पाहिजे. रात्री पंतांकडे दोघी पोटभर जेवल्या. उमानं भात दोनदा घेतला. पिठलं संपवून राहीनं ताट बोटानं निपटलं. या दोघींना असं जेवताना मी किती दिवसांत बघितलं नव्हतं. डोंगरची हवा! पैसे वसूल झाले म्हणायचे. पंतांची बायको आतून म्हणाली, "थोडं वाढू का गं पोरी?" तर उमा चक्क हसली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी म्हटलं, पॉइंट बघू. साहेब लोकांनी नावं दिलेले कडे आहेत, तिथून अख्खं कोकण दिसतं म्हणतात. टॅक्सीवाला ठरवला. तर दोघींचा एकच धोशा, धबधबा.

म्हणून धोबी धबधब्याला गेलो. चालायला थोडंच, झाडीतून सावलीसावलीनं. मला आवडला. पाणी नाजूक उतरतं, गृहस्थाच्या घरच्या पोरीसारखं. राहीनं जरा वेळ उभं राहून बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "ह्येला आवाज न्हाई."

उमा म्हणाली, "व्हय आत्ती. ह्येला न्हाई."

आणि दोघी माघारी वळल्या! गिऱ्हाइकानं वांगी नाकारावीत तशा. मी टॅक्सीवाल्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आवाजाची पारख करायची ती मी. ही बाई कधी शिकली कोण जाणे. शेवटी दुपारून परत लिंगमळा. परत चहावाला. आज त्याच्या मेहुण्याचं ऐकलं.

चहावाला म्हणाला, "पाव्हणं, तुमची माणसं न्हेमी अशी पान्याच्या तोंडाशी बसत्यात?"

"हवा मानवलीया त्येंना."

"मानवू दे बाबा," तो म्हणाला आणि किटली पुसत राहिला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पावसाच्या सरी. चालणं बंद. खाणावळीतच बसलो. पंत पानाचा डबा घेऊन गप्पांना आले. उमा गव्हात हात घालून बसली होती. पंतांच्या बायकोला निवडून देत होती. बसल्या जागी काम ओढून घ्यायची तिला सवयच आहे.

पंतांनी सहज विचारलं, "सूनबाई, यजमान काय करतात?"

उमानं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "लष्करात असतात."

"वा! कुठं असतात सध्या?"

गव्हातली बोटं थांबली. मीच म्हटलं, "लांब असतोय. पत्ता कळवायचा न्हाई असा हुकूम असतोय त्येंना." पंतांनी मान डोलावली. माझ्यावर कुणाचाही विश्वास बसतो, धंद्यात मला याचा फार उपयोग झाला आहे. उमा परत निवडायला लागली. थोड्या वेळानं बघतो तर खडे सुपात आणि गहू बाजूला पडत होते. मी तिला दाखवलं. म्हणाली, "मामा, दिसलंच न्हाई," आणि सगळं परत एकत्र करून पुन्हा निवडायला बसली.

पंत म्हणाले, "सोमवारी क्षेत्रावर जाणार असाल तर लवकर जा. घातचतुर्दशी आहे. गर्दी असते."

मला ते ठाऊक आहे. पितृपंधरवड्यातला तो एक दिवस शस्त्रानं गेलेल्यांचा. तिथी माहीत असो नसो, लढाईत पडलेल्याचं त्या दिवशी करतात. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत, हे न माहीत असायला काय झालं? मी म्हटलं, "आमच्यात कुनी न्हाई तसं." आणि राहीला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं.

ती दारात उभी राहून पाऊस बघत होती. वळली नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

क्षेत्र महाबळेश्वरला जाऊन आलो, उद्याची गर्दी नको म्हणून आजच. जुनं काळ्या दगडाचं देऊळ. गायमुखातून पाणी पडतं आणि कुंडात जातं. कृष्णा इथून निघते. हीच बाई पुढं आमच्याकडे येते, उसाला पाणी देते आणि पावसाळ्यात अंगणात येऊन बसते. मी ओंजळभर प्यालो. गार.

एक गुरुजी जवळ आले. "यजमान, काही करायचंय? उद्यासाठी नाव सांगून ठेवता?"

मी "न्हाई" म्हटलं. राही गुरुजींच्या हातातल्या दर्भाकडे आणि तिळाच्या वाटीकडे बघत होती. ओठ हलले तिचे. मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "काय न्हाई. बापालाच करावं लागतं व्हय, का आईनं केलेलं चालतं, त्ये इचारायचं हुतं."

"कशाला इचारायचं?"

"शालूबाईच्या भावजयीसाठी," ती म्हणाली.

शालूबाईच्या भावजयीची कसली चौकशी इथं येऊन! पण बायकांचं असंच असतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी वासानं जाग आली. तांदळाची खीर. राही पंतांच्या बायकोच्या चुलीपुढं. मी खूश होऊन खाली गेलो तर तिनं पितळेचा डबा भरून झाकण लावलेलं.

"वाटीभर तरी ठेव की मला."

"आज न्हाई," ती म्हणाली. "उद्या करीन तुमास्नी."

"एवढी दोघींना?"

"वाटंत माकडं असत्यात."

 पंतांच्या बायकोनं स्वतः केळीचं पान कापून आणून राहीच्या पिशवीत ठेवलं. तिची नजर माझ्यावरून गेली आणि तिनं खाली बघितलं. माझ्या हातात चहाचा कप होता.

लिंगमळ्याला पोचलो. दोघी उतरून गेल्या. मी बाकड्यावर. चहावाला आज नुसता खालच्या वाटेकडे बघत होता. थोड्या वेळानं खालून धुकं चढलं. आधी दरी गेली, मग झाडं गेली, मग माझे स्वतःचे पाय दिसेनात. कातळ शेवाळलेला, दोन बायामाणसं खाली. गुडघा धरत धरत मी उतरायला लागलो. हाका मारून उपयोग नव्हता. वाट दिसत नव्हती म्हणून सवयीनं कान लावला.

धबधब्याचा आवाज एक नसतो, हे तिथं कळलं. वर कड्यावरून पाणी सुटतं त्याचा एक. मधल्या खडकावर फुटतं त्याचा दुसरा. खाली डोहात पडतं त्याचा जाड. मी इंजिनाचं करतो तसं एकेक बाजूला काढला. सगळे काढून झाले, तरी खाली एक उरला.

आधी वाटलं, पाखरू आहे. मग वाटलं, रानात कुणाची गाय अडकली.

राही होती ती. तोंड उघडून, पोटातून. तार आली तेव्हा जिथं मी गप म्हटलं होतं, तिथून पुढचं सगळं. "माज्या नाथा रंऽ, माज्या लेकरा रंऽ, कुठं पडलास रं बाबा, कुनी पानी पाजलं का रंऽ." आणि तिच्या शेजारी उमा. उमाला शब्द नव्हते. ती नुसती ओरडत होती, एकसारखी, श्वास घेऊन घेऊन. इतक्या वर्षांत त्या पोरीचा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. तिला आवाज आहे हेच मला माहीत नव्हतं.

घशाशी खाकरा आला. मी आणला नाही, सवयीनं आला. पार तोंडापर्यंत आला.

गिळला. अजून घसा दुखतो आहे.

वाऱ्यानं धुकं जरा फाटलं. कातळावर केळीचं पान, पानावर खीर, चारी कडेला दगड ठेवलेले, पान उडू नये म्हणून. दोघी पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. परत धुकं मिटलं. मी तसाच हातापायांवर रांगत वर आलो. चहावाल्यानं हात दिला. चहा पुढं केला, पैसे घेतले नाहीत. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पंतांच्या बायकोला माहीत होतं. शालूबाईला तर निघायच्या आधीपासून माहीत असणार. कानावर जगणारा एकटा मीच.

वर आल्यावर राही म्हणाली, "लय तुषार उडत्यात आज."

मी म्हटलं, "व्हय. दिसतंय."

तिनं माझ्या गुडघ्याकडे बघितलं. धोतराला चिखल होता. 

१५ ऑक्टोबर, मंगळवार

परतीची गाडी. मी खिडकीशी. सर्वपित्री अमावास्या आहे, वाटेत साताऱ्यापर्यंत घराघरांच्या कौलांवर कावळे.  उमा राहीच्या खांद्यावर झोपली होती, लहान पोर झोपतं तशी तोंड उघडं टाकून.

राहीनं काल कबूल केल्याप्रमाणं सकाळी मला खीर करून घातली. खाल्ली. चव कळली नाही.

मी अजून म्हणतो, तारेत बेपत्ताच लिहिलं आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार. आष्टा

घर पूर्ववत. म्हणजे गप्प. उमा राहीला भांडं देते तेव्हा भांड्याचा आवाज येत नाही. दार लावतात तर कडीचा आवाज येत नाही. मला वाटायचं, या दोघी स्वभावानं हळुवार आहेत. माझ्या कानांना चुकवून चालतात, हे आत्ता लक्षात येतंय. आतून काहीच ऐकू येत नाही आणि मी जागा राहून तेच ऐकत पडतो. खाकरायलासुद्धा निमित्त नाही.

दोघी परत अर्धपोटी जेवतात.

धबधबा इथं आणता येत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बागणीचे नानासो नवं गिऱ्हाईक. त्यांचं इंजिन पिस्टनला नवीन रिंगा घालून जोडलं. चाचणीला थोडा वेळ चालवलं की पुरतं. आज दिवेलागणीला लावलं ते बंद केलं नाही. मागच्या भिंतीला लागून ठेवलं, घराच्या अंगाला. पत्र्याची शेड, आवाज असा घुमतो की रस्त्यावरची बैलं बुजतात. डिझेल मिळवायला हल्ली किती हात जोडावे लागतात हे साऱ्यांना ठाऊक. समोरचा सायकलवाला येऊन ओरडून गेला, "आकारामदाजी, कुनाचं लगीन हाय का आत?"

मी ओरडून म्हटलं, "रिंगा बसू द्यायच्यात!"

आणि मी रस्त्यापलीकडे चिंचेखाली जाऊन बसलो. शेडमध्ये थांबलो असतो तर मला ऐकू आलं असतं. माझा मला भरवसा नाही, कान आपोआप लागतो. लावायचा नाही म्हणून लांब जाऊन बसायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आजही लावलं. जेवताना राहीनं विचारलं, "त्ये बागणीचं इंजिन अजून दुरुस्त न्हाई झालं व्हय?"

"न्हाई. येळ लागंल."

"किती?"

"लागंल तेवढा."

तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग न विचारता एक भाकरी ताटात टाकली, तूप वाढलं. उमानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि तांब्याचा आवाज झाला. तिनं दचकून माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यालो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आज चिंचेखाली गेलो नाही. पाय निघाला नाही. इंजिनापाशीच पोत्यावर बसलो. चांगलं चालत होतं, कुठं खोट नाही. मला नाथाजी आठवला. लहानपणी तो या पोत्यांवर झोपायचा. इंजिन चालू असलं की झोपायचा, बंद केलं की रडत उठायचा. त्याला झोपवायला मी किती रॉकेल जाळलं असेल! राही ओरडायची, "आवं, पोराला पाळण्यात घाला, इंजिनात नगं."

पुढचं कसं लिहावं कळत नाही. चालू इंजिनात आपलं आपल्याला ऐकू येत नाही एवढं खरं.  तोंड उघडलं. हातात पाना होता, तो कधी पडला कळलं नाही.

इंजिनाच्या डोक्यावर दाब सोडायचा दांडा असतो. तो उचलला की इंजिन धापा टाकत थांबतं. तो कुणीतरी उचलला. इंजिन थांबलं.

आणि शेडमध्ये एक आवाज तसाच चालू राहिला. मला वाटलं, आत राही रडते आहे. पण राही माझ्यापुढं उभी होती, दांड्यावर हात ठेवून. तिच्या मागं उमा. दोघी माझ्याकडे बघत होत्या. तो माझाच आवाज होता.

राही खाली बसली. पदरानं माझं तोंड पुसलं, तेलाचं, ग्रीसचं, सगळंच. म्हणाली, "आता नगा लावू त्ये. ऱ्हाऊ दे बंद."

उमा म्हणाली, "मामा, आमास्नी पहिल्या दिवशीच कळलं. रिंगांना एवढा येळ लागत न्हाई."

२४ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी

सकाळी सगळी हत्यारं धुऊन मांडली. पाने, हातोडे, जॅक, दारातली तीन इंजिनं. उमा झेंडूचे हार ओवत होती. प्रत्येक इंजिनाला एक. खंडेनवमीला यंत्र चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सुपात एक हार उरला.

उमानं तो जास्तीचा ओवला होता की चुकून झाला, मी विचारलं नाही. भिंतीवर नाथाजीचा वर्दीतला फोटो आहे. त्याला मी आजवर कुणाला फुलाची पाकळी लावू दिली नव्हती. स्टूल घेतलं. गुडघा चढू देईना तर राहीनं कमरेला धरलं. हार घातला. खाली उतरलो आणि उमाला म्हटलं, "ज्योतिबाला वडूजला सांगावा धाड. म्हणावं, कोर्साचा फॉर्म घिऊन ये."

ती जाग्यावर बसली आणि रडायला लागली. इंजिन नाही, पाणी नाही. भर सकाळी, दार सताड उघडं. राहीनंही सूर धरला. रस्त्यापर्यंत ऐकू जात असणार. मी खाकरलो नाही.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो, तोच बागणीचे नानासो बैलगाडी जुंपून इंजिन न्यायला आले.

मी म्हटलं, "आज यंत्र हलवायचं न्हाई नानासो. दसरा झाल्यावर न्या."

ते उतरले. आतून येणारं ऐकून जागच्या जागी थबकले. "दाजी, काय झालं वं? कोन रडतंय?"

"आमच्यात मानूस गेलंय."

"आरं द्येवा!" त्यांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "कवा?"

"तीन वर्सं झाली," मी म्हटलं.

त्यांनी मग बैलांचं जू सोडलं, त्यांना चिंचेखाली बांधलं आणि ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसले.